नाही, नको, नव्हे

इंग्रजांचे मला एका बाबतीत नवल वाटते. एवढे मोठे साम्राज्य त्यांनी चालवले, पण नकाराचे बहुतेक काम 'नो' आणि 'नॉट' या दोन शब्दांवर भागवले. दुकानात साखर नसली तरी 'नो', चहा नको असला तरी 'नो', आणि तुम्ही मला जोशी समजलात पण मी जोशी नव्हे, हे सांगायलाही 'नो'च! त्यातून जाणणे या अर्थाचे क्रियापदही कानाला 'नो'च लागते. माझा एक विद्यार्थी 'आय नो' म्हणजे 'मी नाही' असा अर्थ लावून मोकळा झाला होता. मला तो अगदीच वेडा वाटला नाही.

मराठीचे घर या बाबतीत भरलेले आहे. वस्तू नसली की नाही, इच्छा नसली की नको, योग्य नसले की नये, आणि एकाला दुसरेच समजले गेले तर नव्हे. शिवाय हे शब्द खांबासारखे ताठ उभे राहत नाहीत. नाहीस, नाहीत, नकोस, नका, नयेत असे माणूस पाहून वाकतात. इंग्रजीला साधे 'मी जात नाही' म्हणायचे तरी 'डू'चा टेकू लागतो. 'नव्हे' मात्र आताशा बोलण्यातून उठत चालला आहे. 'हा साप नव्हे, दोरी आहे' असे म्हणणारा मुलगा मला कित्येक वर्षांत भेटला नाही; सगळे 'साप नाहीये' म्हणतात. हळहळ वाटते, पण भाषा काही मराठीच्या प्राध्यापकाला विचारून चालत नाही.

'नको' पक्का निघाला. आमचे धाराशिव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. कचेरीत उर्दू, घरात मराठी. पण 'नको' त्याच्या कितीतरी आधी दख्खनी बोलीत जाऊन बसला होता. दिल्ली-लखनौच्या उर्दूला 'नहीं' आणि 'मत' पुरले. दख्खनीला मात्र आमचा शब्द उचलावासा वाटला, आणि हैदराबादच्या बाजारात आजही 'नक्को' ऐकू येते. उस्मान अलीखानाचे नाव आमच्या जिल्ह्यावरून २०२३ साली उतरले. 'नक्को'ला कोणी हात लावलेला नाही.

इतका नेमका शब्द पदरी असून आपण त्याचे काय करतो? पंगतीत पाहुणा 'नको' म्हणाला की वाढणारा पुरणपोळी वाढतोच. पहिला नको रीतीचा, दुसरा संकोचाचा. तिसऱ्या वेळी पाहुण्याने पानावर आडवा हात धरला, तर यजमान जरासा थबकतो. म्हणजे हात ऐकला जातो, शब्द नव्हे. हा आग्रह गोडच आहे. पोळीबद्दल माझी तक्रार नाही.

दोन वर्षांपूर्वी बी. ए. च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचे वडील दाखला काढायला कॉलेजात आले होते. लग्न ठरत होते. मुलगी दाराशी उभी होती.

"तिला विचारलंत का?" मी म्हणालो.

"ईचारलं की, सर. नगं नगं म्हनत व्हती. पोरी म्हनत्यातच."

त्या गृहस्थांच्या बोलण्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. तिसरी पोळी वाढणाऱ्याचा जो लाडिक सूर असतो, तोच होता. 'नको' ही शेवटी इच्छा. आणि पोटच्या पोरीची इच्छा समजूत घालून वळवता येते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

मुलगी दारातूनच म्हणाली, "नगं म्हनले न्हाई, अण्णा. करनार न्हाई म्हनले."

वर्गात मी हा फरक फळ्यावर दोन रकाने पाडून शिकवतो आणि मुले जांभया देतात. अण्णांना फळा लागला नाही. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दाखल्याच्या अर्जाची घडी घातली, तो खिशात ठेवला आणि मला नमस्कार करून निघाले. ती मागोमाग गेली, चार पावले अंतर ठेवून.

मार्चच्या परीक्षेला ती बसली. लग्नाचे पुढे काय झाले, ते मी विचारले नाही.