जुन्या आवृत्तीची सूची

आमच्या मराठी विभागात वऱ्हाडी बोलीच्या कोशाचे काम चालते. विद्यार्थ्यांनी गावोगावी हिंडून जमविलेल्या नोंदी कपाटाशेजारच्या एका लहानशा सर्व्हरवर ठेवलेल्या आहेत, आणि त्या घरबसल्या तपासता याव्यात म्हणून दूरस्थ प्रवेशाची सोय केलेली आहे. या सोयीचा खरा लाभ एकाच व्यक्तीला होई: आम्हां दोघांनाही ज्यांनी भाषाविज्ञान शिकविले, ते आमचे निवृत्त सर. जिना उतरणे आता त्यांना शक्य नाही.

2024च्या जूनमध्ये महाविद्यालयाची इंटरनेट जोडणी बदलली आणि सरांच्या पडद्यावर 'सर्व्हर सापडत नाही' हे वाक्य उमटू लागले. विभागात बसून तेच नाव टंकावे, तर कोश क्षणात समोर! "इथे तर चालू आहे, सर," असे आम्ही दूरध्वनीवर सांगितले. "बरं," एवढेच ते म्हणाले. पुढे त्यांचा दूरध्वनी येईना. निवृत्त माणसाच्या मनात अशा वाक्याचा कोणता अर्थ उमटतो, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

या वाक्याचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. सापडत नाही, पण कोणाला? शोधणारा वाक्यातून गाळलेलाच आहे. एनएसलूकअप ही आज्ञा देऊन आम्ही तो शोधणारा उघड केला. महाविद्यालयाच्या आत नावाचा पत्ता आमचाच सर्व्हर सांगतो, आणि तो 192.168ने सुरू होणारा, घरातल्या घरातला पत्ता असतो. बाहेरच्या जगाला मात्र नाव जिथे नोंदविले आहे तिथून उत्तर मिळते, आणि तिथे अद्याप जुन्या जोडणीचाच क्रमांक होता. म्हणजे सरही खरे, आम्हीही खरे. कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत पाने सरकावीत आणि सूची पहिल्या आवृत्तीचीच राहावी, तसे हे झाले होते. शब्द ग्रंथात आहे; सूचीवर विसंबणाऱ्याच्या हाती तो लागत नाही. (1983मध्ये ही नामव्यवस्था येण्यापूर्वी साऱ्या जाळ्याची सूची एकाच फाइलीत असे आणि ती कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत सांभाळली जाई. कोशकाराला हेवा वाटावा असाच तो काळ!)

निदानाला अर्धा तास लागला, उपचाराला तीन आठवडे. नाव नोंदविलेले खाते बदली होऊन गेलेल्या एका लिपिकाच्या ईमेलवर होते. पत्रे, प्राचार्यांची सही, जुनी पावती, पुन्हा पत्रे. अखेर क्रमांक बदलला. तथापि जुन्या उत्तराची मुदत 86,400 सेकंदांची, म्हणजे एका दिवसाची होती. तोवर जगाने जुनाच पत्ता लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या पडद्यावर वेगळे वाक्य आले: दूरच्या संगणकाशी जोडणी होऊ शकत नाही. आम्हांला याचा विलक्षण आनंद झाला. सरांना तो समजावून देणे कठीण गेले. नाव आता योग्य दारापर्यंत पोहोचत होते, दार तेवढे बंद होते. नव्या राउटरला 443 क्रमांकाच्या पोर्टवर येणारी विनंती सर्व्हरकडे पाठवावी, हे कोणी सांगितलेच नव्हते. एका तंत्रज्ञाने 3389 हे पोर्टच थेट उघडून देण्याचा सोपा मार्ग सुचविला. तो आम्ही नाकारला, कारण त्या दारावर परवलीचे शब्द अजमावणारे अनोळखी संगणक अहोरात्र थापा मारीत असतात. 443चा मार्ग जोडून दिला आणि घरी गेलो.

सकाळी पाहतो तो एकेचाळीस नोंदींवर सरांच्या दुरुस्त्या होत्या. 'काऊन' हे रूप आम्ही 'काहून'खाली 'पाहा' म्हणून टाकले होते. सरांनी ते उचलून त्याची स्वतंत्र नोंद केली होती. उच्चारभेद म्हणजे नवा शब्द नव्हे, असे आमचे मत आहे. सरांना ते मान्य नाही, आणि त्यासाठी त्यांचा दूरध्वनी आता आठवड्यातून दोनदा तरी येतो.