नदी नसलेल्या देशात

मुलांनो, जानेवारी २०२४ मधली गोष्ट. मधली सुट्टी संपवून वर्गात शिरलो, तर आमच्या पाचवीची पोरं तावातावानं बोलत होती. "सर, मालदीववर बहिष्कार टाकायचा!" पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला. मी म्हटलं, "टाकू या की! पण आधी नकाशात दाखव बरं, कुठे आहे तो?" आला बिचारा. केरळच्या खाली, श्रीलंकेच्या डावीकडे बोट फिरवत राहिला. शेवटी मीच पेन्सिलीचं टोक टेकवलं. राजधानीचं बेट त्या टोकाखाली दिसेनासं झालं! सगळा वर्ग हसला.

तेव्हाचं भांडण तुम्हीही ऐकलं असेल. आपल्या पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर तिथल्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर वाईटसाईट लिहिलं. त्यांच्या सरकारनं त्यांना निलंबित केलं, पण आपल्याकडे लोक चिडायचे ते चिडलेच. मालदीवच्या सहली धडाधड रद्द झाल्या. मूळ कुरबूर मात्र त्याआधीची होती. २०२३ मध्ये मोहमद मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते. आपल्या देशात असलेले भारतीय जवान परत पाठवू, असं त्यांनी मतदारांना सांगितलं होतं.

मलाही तेव्हा रागच आला होता, खोटं कशाला सांगू? पण २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच देशात जायचा योग आला. माझा मेहुणा मालेमध्ये एका बांधकाम कंपनीत हिशेब बघतो. "दाजी, चार दिवस या तरी," असा त्याचा लकडा चालूच होता. आपल्याला तिथं जाण्याआधी व्हिसा काढावा लागत नाही. मुंबईहून तीन तासांच्या आत विमान खाली उतरू लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण खिडकीतून जमीनच दिसेना! निळ्या पाण्यावर कुणीतरी हिरव्या बांगड्या पसरून ठेवाव्यात तशी बेटं. विमानतळसुद्धा एका वेगळ्या बेटावर. या बांगडीसारख्या बेटमाळेला इंग्रजीत 'अटॉल' म्हणतात ना, तो शब्द मूळचा इथल्याच धिवेही भाषेतला, बरं का!

एकंदर बेटं सुमारे १,२०० आणि माणसं वस्ती करून राहतात ती दोनशेच्या आत. सगळी मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या नाशिक शहराच्या निम्मीसुद्धा नाही. देशातली नैसर्गिक जमीन सर्वांत उंच आहे तिथंही समुद्रापासून अडीच मीटर भरत नाही. डोंगर नाही. नदी नाही. मी नदीकाठच्या निफाड तालुक्यातला माणूस, मला हे पचायलाच दोन दिवस लागले.

माले शहर दोन चौरस किलोमीटरचं. गल्ल्या अरुंद, स्कूटरी उदंड. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. पपया होत्या, नारळ होते, पलीकडे मासळीबाजारात माझ्या कमरेएवढे कुपा मासे. आणि एका दुकानात पाहतो तर काय, लाल जाळीच्या गोणीत कांदा! गोणीवर भारताचं नाव. मी एक कांदा उचलून हातात फिरवला. मेहुणा म्हणाला, "दाजी, लासलगावचा भाव नका विचारू त्याला."

हा कांदा तिथं कसा पोचतो, ते ऐका. १९८१ मध्ये भारत आणि मालदीव यांच्यात एक व्यापार करार झाला. तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, बटाटे, कांदे, अंडी अशा रोजच्या वस्तू भारत त्यांना दरवर्षी ठरावीक प्रमाणात देतो, फुकट नव्हे, विकत. आपल्याकडे एखाद्या मालाच्या निर्यातीला बंदी असली तरी मालदीवचा वाटा त्यातून सोडता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली होती. आमच्याकडचे शेतकरी किती वैतागले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती बंदी चालू, वर हे भांडणही ताजं, आणि तरी एप्रिल २०२४ मध्ये भारतानं मालदीवला ३५,७४९ टन कांदा न्यायची परवानगी दिली. अंडी किती? ४२ कोटी ७५ लाखांच्या वर! शिवाय दहा लाख टन दगडखडी आणि दहा लाख टन नदीची वाळू.

वाळू? चहूकडे वाळू असलेल्या देशाला? मीही मेहुण्याला हेच विचारलं. तो हसला. समुद्राची वाळू खारट. ती सिमेंटमध्ये घातली तर आतल्या लोखंडाला गंज चढतो. आणि ही बेटं पोवळ्यांच्या चुऱ्याची, तिथं काळा पाषाण खणून मिळणार कुठून? म्हणजे शाळेची भिंत बांधायची तरी वाळू बोटीतून येणार.

मेहुण्याचा घरमालक पन्नाशीचा, गप्पिष्ट. हिंदी सिनेमे पाहून पाहून हिंदी बरी बोलायचा. मी १९८८ सालचा विषय काढला तशी त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "तेव्हा मी तुमच्या वर्गातल्या मुलांएवढा होतो." ३ नोव्हेंबरची पहाट. तिथल्याच एका व्यापाऱ्यानं राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांची सत्ता उलथवायला श्रीलंकेतल्या एका तमिळ गटाचे भाडोत्री बंदूकधारी बोटींतून आणले होते. रस्त्यात गोळीबार सुरू झाला. "आईनं आम्हा भावंडांना पलंगाखाली ढकललं. दिवसभर आम्ही तिथंच." गयूम यांनी लपत छपत कित्येक देशांकडे मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून अडीच हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर तोडून आपले छत्रीधारी जवान विमानानं विमानतळाच्या बेटावर उतरले. काही बंदूकधारी ओलीस ठेवलेली माणसं घेऊन जहाजातून पळाले, तर आपल्या नौदलानं त्यांना भर समुद्रात गाठलं.

"ती तुमची युद्धनौका. गोदावरी," घरमालक म्हणाला.

मी म्हटलं, "गोदावरी आमच्या नदीचं नाव आहे. माझ्या गावाहून सायकलनं जाता येतं तिथं."

"नदी म्हणजे पाणी सारखं एकाच बाजूला जातं?" त्यानं विचारलं. चेष्टेनं नव्हे हं!

पुढं त्यानं डिसेंबर २०१४ ची हकिगत सांगितली. मालेत समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि शहराचे नळ कोरडे पडले. लाखभर माणसं, विहिरींचं पाणी पिण्यालायक नाही. भारतानं काही तासांत विमानांनी पाणी धाडलं, मागोमाग 'सुकन्या' आणि 'दीपक' ही जहाजं आली. चीननंही पाणी पाठवलं. पाण्याच्या बाटलीसाठी रांगेत उभं राहिल्याचं तो सांगत होता.

मग मी मनातलं विचारलंच. "एवढं सगळं झालं, तरी तुम्ही आमच्या जवानांना जा म्हणालात?"

तो जरा गप्प झाला. म्हणाला, "मीसुद्धा त्याच बाजूनं मत दिलं होतं, सर. माझ्या आईचं ऑपरेशन तिरुवनंतपुरमला झालं. तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. पण माझ्या घरात कोण राहणार, ते मीच ठरवायला नको का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. ते जवान होते नव्वदच्या आत. भारतानं दिलेली दोन हेलिकॉप्टरं आणि एक विमान ते चालवायचे, लांबच्या बेटांवरचे आजारी लोक दवाखान्यात आणायचे. मे २०२४ पर्यंत ते सगळे परतले आणि त्यांच्या जागी भारतातूनच साध्या वेशातले तंत्रज्ञ गेले. रुग्णांची ने-आण चालू राहिली. माझ्या मते दोन्ही सरकारांनी इथं शहाणपणा दाखवला. नंतर मुइझ्झू ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीला आले. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे होते आपले पंतप्रधान.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही समुद्राच्या कडेला फिरायला गेलो. विमानतळाकडे जाणारा मोठा पूल दिव्यांनी झगमगत होता. तो चीनच्या मदतीनं २०१८ मध्ये झाला. शहराच्या दुसऱ्या बाजूला भारताच्या मदतीनं बांधायचा, सुमारे पावणेसात किलोमीटरचा पूलरस्ता अजून अर्धवट होता, त्याचे खांब पाण्यात उभे. लहान देशाला दोन्ही बाजूंना हात धरून चालावं लागतं, आणि एकाचाच हात घट्ट धरला तर दुसरा रुसतो. मेहुणा मात्र फक्त खांब मोजत होता. खडीचा हिशेब त्याच्याकडेच असतो ना!

सुट्टी संपली, शाळा भरली. ते बहिष्कारवाले गडी आता सातवीत गेलेत. त्यांच्या वर्गात जाऊन मी हे सगळं सांगितलं. तो पुढच्या बाकावरचा पोरगा बराच वेळ नकाशाकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, नदीच नाही, तर तिथली पोरं पोहायला कुठं शिकतात?"

"समुद्रात," मी म्हटलं.

"आणि बुडत नाहीत?"

ते विचारायचं मात्र राहून गेलं. मेहुण्याला फोन करून विचारतो.