डार्विनची झोळी

‘बीगल’ जहाजाच्या अगदी मागच्या अंगाला, जेमतेम दहा बाय अकरा फुटांच्या खोलीत, नकाशांच्या टेबलावर ती टांगलेली असे. स्वभावाने मानी. नवख्याला सहजी जवळ करायची नाही. जहाज अजून बंदरातच होतं तेव्हा 22 वर्षांच्या चार्ल्स डार्विनने आधी पाय आत टाकून पाहिले, तर तीच पुढे सरकली. नेमकं मधोमध बसायचं आणि मग एका हिसक्यात डोकं आणि पाय आत घ्यायचे, हे तिने त्याच्याकडून करवून घेतलं. गडी जवळजवळ सहा फुटी. पाय मावावेत म्हणून कपाटाचा वरचा खण काढावा लागे.

27 डिसेंबर 1831 ला जहाज प्लिमथहून निघालं आणि बिस्केच्या उपसागरात डार्विनला बोट लागली. भयंकर लागली. बिस्किटं आणि वडिलांनी सुचवलेल्या मनुका, एवढंच पोटात ठरत होतं. आतला कान सांगतो, सगळं हलतंय. डोळ्यांसमोरची भिंत म्हणते, काहीच हलत नाही. या भांडणातून मळमळ उठते. जहाज कुशीवर कललं तरी झोळी आपली सरळ लोंबत राहते, त्यामुळे डोकं कमी हेलकावतं आणि डोळे मिटून पडता येतं. लाटेबरोबरचं वर-खाली आपटणं मात्र तिला थोपवता येत नाही, आणि ते जहाजाच्या टोकांनाच सर्वांत जास्त. मधल्या भागात टांगली असती तर बिचारीचं काम हलकं झालं असतं.

तिने त्याला बरं केलं नाही. जवळजवळ पाच वर्षांच्या सफरीत हे दुखणं हटलंच नाही. तरी मला ती थोर वाटते, कारण तिने त्याला दुसऱ्या दिवसापुरतं उभं केलं. डार्विन स्वखर्चाने आलेला पाहुणा, हवं तेव्हा घरी परतायची त्याला मोकळीक होती. तो परतला नाही. जानेवारी 1832 मध्येच जहाजामागे जाळं ओढून त्याने समुद्रातले बारीक जीव गोळा केले. सूक्ष्मदर्शकाशी बसल्यावर पोटात ढवळलं की तो टेबलावरच आडवा होई, सावरलं की पुन्हा कामाला; रात्री त्याच टेबलावर तीच त्याला पोटाशी घेई. ज्या निरीक्षणांनी पुढे जीवसृष्टीकडे पाहण्याची दृष्टी बदलली, त्यांच्या श्रेयात या कापडाचा वाटा आहे, असं मी मानतो.

2 ऑक्टोबर 1836 ला डार्विन फॅलमथला उतरला. त्यानंतर 1882 पर्यंत जगला, पण ब्रिटनबाहेर पुन्हा कधी गेला नाही.