कालवांना चुना लावताना

हॉस्टेलमध्ये कोणी कोणाला चुना लावला याच्या कथा भरपूर आहेत. कोणी मेसच्या बिलात, कोणी झेरॉक्सच्या पैशांत. माझी कथा जरा वेगळी आहे. मी गेली दोन वर्षं रोज रात्री झोपण्यापूर्वी अर्धा लिटर चुना लावतो, आणि ज्यांना लावतो ते त्यावरच जगतात!

आमच्या खोलीत खिडकीपाशी ४० लिटरची काचेची टाकी आहे. रेक्टर सरांनी “मांजर नाही ना? मग चालेल,” एवढं म्हणून परवानगी दिली. पाणी खारं, थेट समुद्राचं. येणारा-जाणारा आधी विचारतो, “गोल्डफिश कुठंय?” गोल्डफिश नाही. मुरूडच्या खडकांत ओहोटीला जी डबकी उरतात, त्यातलं जग इथे आहे. कालवं चिकटलेला एक दगड, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड थाटलेले तीन साधू खेकडे (हे खरे हॉस्टेलाइट!), आणि दगडावर पसरणारी गुलाबी, खरखरीत शेवाळाची साय.

परदेशातले हौशी लोक अशा टाकीत प्रवाळ वाढवतात. आपल्याकडे ते चालत नाही. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण प्रवाळाला जे लागतं तेच कालवाला आणि गुलाबी शेवाळालाही लागतं. कवच बांधायला कॅल्शियम आणि कार्बोनेट.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेले ७७ नमुने डिटमार नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापला. खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच! मग बाजारचं मीठ विरघळवून समुद्र का करता येत नाही? उत्तर उरण-पेणच्या मिठागरांत आहे. पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जातं. आपल्या हाती येतं ते फक्त मीठ.

समुद्र अफाट आहे म्हणून त्याचं प्रमाण टिकतं. ४० लिटरमध्ये मूठभर कालवंसुद्धा ते बिघडवतात. कॅल्शियम लिटरमागे ४१० मिलिग्रॅमच्या आसपास हवं, ते हळूहळू घसरत जातं. यावर बाजारात आयात केलेल्या औषधांच्या बाटल्या मिळतात. किंमत विचारली आणि फोन ठेवला.

आमचा उपाय म्हणजे शाळेत फुंकर मारून पांढरी केलेली ती चुन्याची निवळी. पानटपरीवरचा चुना नको, त्यात आणखी काय आहे हे पानवाल्यालाच माहीत. प्रयोगशाळेच्या दर्जाची पावडर घ्यायची. एका लिटरमध्ये ती जेमतेम दीड ग्रॅम विरघळते, बाकीची तळाशी बसते. वरची निवळी घ्यायची आणि बाटलीचं बूच घट्ट लावायचं. अर्धा लिटर निवळीत साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत लिटरमागे १० मिलिग्रॅम. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती एकदम ओतायची नाही. सलाइनची नळी लावून रात्रभर थेंबथेंब सोडायची. दिवसभरात जेवढं पाणी उडालं, तेवढीच निवळी. कोकणात शिंपले भाजून चुना करायची पद्धत जुनीच आहे. आम्ही तोच चुना उलट्या वाटेने शिंपल्यांना परत देतो, इतकंच.

हे सगळं गेल्या जुलैपर्यंत झकास चाललं होतं. मग गुलाबी साय पांढरी पडू लागली. कालवं नीट उघडेनात. माझ्या रूम पार्टनरचं निदान तयार होतं, “आयोडीन कमी पडलंय.” फार्मसीच्या मित्राकडून त्याने ल्युगोलचं ५ टक्क्यांचं द्रावण पैदा केलं आणि ड्रॉपर हातात घेऊन उभा राहिला. “एका थेंबाने काय होतंय रे?”

मी म्हटलं, आधी हिशेब करू. जर्नलच्या मागच्या पानावर केला. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये आयोडीन आणि आयोडाइड मिळून सुमारे १२६ मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे एका थेंबात ६ मिलिग्रॅमच्या वर. ४० लिटरमध्ये लिटरमागे ०.१५. आणि समुद्रात असतं किती? ०.०६! एकाच थेंबात समुद्राच्या अडीचपट. पार्टनरने ड्रॉपर खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन केमिस्ट्री लॅब गाठली. लॅबमधले मामा म्हणाले, “एफ.ई. पास झालास ना? मग परत कशाला आलास?” ईडीटीएचं टायट्रेशन, पाण्याची हार्डनेस, अल्कलिनिटी... जे प्रॅक्टिकल अर्धा वर्ग सीनियरच्या जर्नलवरून उतरवतो, तेच. पाणी पातळ करून तीनदा रीडिंग घेतलं. कॅल्शियम ३४०. अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ११५ च्या आसपास हवी, ती निघाली ८०.

पण निवळी तर रोज चालू होती! कोडं पार्टनरनेच सोडवलं, दोरीवर चार दिवस न वाळलेल्या त्याच्या जीन्सकडे बघून. पावसाळ्यात हवा दमट, टाकीतलं पाणी उडतच नाही. जेवढं उडेल तेवढीच निवळी, म्हणजे चुन्याचा डोस आपोआप निम्म्यावर आला होता. आयोडीनचा काही संबंधच नव्हता.

अल्कलिनिटी भरून काढायला हिशेबाने सुमारे अडीच ग्रॅम खायचा सोडा लागणार होता. तो तीन दिवसांत विभागून दिला. कॅल्शियम क्लोराइड वेगळं, वेगळ्या वेळी आणि थोडं थोडं, कारण दोन्ही एकत्र आले की खडूच तयार होतो. कालवं आठवड्याभरात उघडली. साय पुन्हा गुलाबी व्हायला मात्र सप्टेंबर उजाडला, आणि एक कालव वाचलं नाही.

राहिला प्रश्न आयोडीन, स्ट्रॉन्शियम वगैरे सूक्ष्म घटकांचा. ते आपल्या लॅबमध्ये मोजता येत नाहीत, म्हणून आम्ही ते बाटलीतून टाकतही नाही. दर पंधरा दिवसांनी ५ लिटर पाणी बदलतो, त्यातून समुद्र ते स्वतःच देतो, बरोब्बर मापात आणि फुकट. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि नद्यांमुळे पातळ होतं. म्हणून मे महिन्यात घरी आई आगोट भरत असते तेव्हा मीही भरतो. तिची मिरची, सुकी मासळी, आणि माझे समुद्राच्या पाण्याचे आठ कॅन, झाकून अंधारात ठेवलेले. चार महिने पुरतात.

मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग ढापणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण ज्या आकड्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो, तो स्वतःच घ्यावा लागतो, हे मला कालवांनी शिकवलं. कोणाला बघायचं असेल तर दर रविवारी सकाळी आमच्या खोलीत निवळी भरायचं काम चालतं. जरूर या. बाटल्या मात्र धुवाव्या लागतील!