न मागितलेलं पान

कॉमिक्सच्या मूळ चित्रांच्या लिलावात छापील अंकांच्या पानांची मिजास मोठी. मार्व्हलच्या ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकातलं माइक झेकचं एक पान 2022 साली अमेरिकेत 33 लाख 60 हजार डॉलरना गेलं. स्पायडरमॅनचा काळा पोशाख कुठून आला, ते त्या पानात दिसतं. माझी नजर मात्र यादीच्या तळाशी असलेल्या नमुना पानांवर रेंगाळते. एखाद्या चित्रकारानं विशी-बाविशीत काम मागायला काढलेली ही पानं. अंक क्रमांक नाही, लेखकाचं नाव नाही, संवादाचे फुगे रिकामे. कुणीही न मागितलेली.

ती काढायची रीत ठरलेली आहे. अकरा बाय सतरा इंचांचा ब्रिस्टल बोर्ड, पेन्सिल आणि जमलं तर वर शाई. नवख्याला छाती फुगवून उभा राहिलेला महानायक काढायचा असतो, तर संपादकाला सलग चार-पाच पानांची गोष्ट हवी असते. दोन माणसं खोलीत बोलतायत, एक उठून खिडकीशी जातो, खाली रस्त्यावर गाडी थांबते. उडणाऱ्याचे पाय कुठेही सोडून देता येतात. चालणाऱ्याचे जमिनीला टेकवावे लागतात, आणि कच्चा हात तिथेच पकडला जातो.

मार्व्हलनं 1983 साली ही परीक्षाच पुस्तकरूपानं विकायला काढली. ‘ट्राय-आउट बुक’मध्ये स्पायडरमॅनची गोष्ट अर्धवट सोडलेली होती, पुढची पानं घेणाऱ्यानं भरायची. पेन्सिलकामात जिंकला मार्क बॅगली. तोवर तो संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीत तांत्रिक आकृत्या काढत होता. पुढे ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चे सलग 111 अंक त्यानं काढले. आज त्याची सुरुवातीची पानं बघणारा ते 111 अंक डोक्यात घेऊनच बघतो. नायकाचा जबडा एका गुरूचा, सावल्या दुसऱ्याच्या, अशी उसनवारी नमुन्यांत असतेच. संग्राहक ती माफ करतो आणि एखाद्या कोपऱ्यातल्या वळणात पुढचा मोठा चित्रकार शोधून काढतो. सापडतोही. प्रश्न एवढाच, की त्यानं पान बघितलं की सही?

परीक्षकांकडे हे पुढचं ज्ञान नसतं. आर. के. लक्ष्मण यांना तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानं प्रवेश नाकारला होता. पाठवलेल्या चित्रांत प्रवेशापुरते गुण दिसत नाहीत, असं त्यांना कळवण्यात आलं. तीच चित्रं आज लिलावात आली, तर त्यांत गुण न दिसणारा माणूस शोधावा लागेल.

या पानांचं आणखी एक वैशिष्ट्य मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेत 1970च्या दशकापर्यंत छापलेल्या कामाची मूळ पानं बहुधा प्रकाशकाकडेच राहत. कितीतरी फाटली, वाटली गेली, चोरीला गेली. जॅक कर्बीनं मार्व्हलसाठी हजारो पानं काढली. मोठ्या झगड्यानंतर 1987 साली त्यातली दोनेक हजारच त्याच्या हाती आली. नमुन्यांचं तसं नव्हतं. झेरॉक्स आल्यावर तर संपादकाकडे प्रत जाई आणि मूळ पान घरी कपाटात पडून राही. ज्या कामाचा छदामही मिळाला नाही, नेमकं तेच काम निर्विवादपणे चित्रकाराच्या मालकीचं होतं.

माझा भाचा पुण्यात उपयोजित कला शिकतो. एका प्रदर्शनात त्याच्या पोर्टफोलिओतलं एक पान कुणीतरी विकत मागितलं, तेव्हा त्याचा घाईघाईनं फोन आला.

“मामा, किती सांगू?”

छापलेल्या पानाला बाजारभाव असतो, याला कसला असणार? मी म्हटलं, “किंमत तू ठरव, पण संच फोडू नकोस. तुला गोष्ट सांगता येते हे पाच पानं मिळून सिद्ध करतात. त्यातलं एक काढलंस, की उरतं ते नुसतं चित्र.”

“पण त्यांना एकच हवंय. मारामारीचं.”

त्यानं ते दिलं. मिळालेल्या पैशांत शाई आणि कागद आले असतील, फार तर एक जेवण. संच फुटल्याची हळहळ मला आहेच. तरीही त्या गिऱ्हाइकाबद्दल मला आदर वाटतो. हा मुलगा पुढे कोण होणार हे त्याला ठाऊक नव्हतं, मुलालाही नाही. नावाला भाव नव्हता, पुन्हा विकून नफा होईल याची खात्री नव्हती. समोरचं पान आवडलं म्हणून त्यानं पैसे मोजले. लाखो डॉलरच्या बोलीत इतकं निखळ कारण क्वचितच शिल्लक राहत असेल.