पर्वतीच्या पायऱ्या आणि अलास्काचा बर्फ

जहाजाच्या सफरीत बंदराबंदरांवर ज्या सहली निघतात, त्यांच्या यादीत प्रत्येक सहलीपुढे श्रमाचे माप दिलेले असते: सोपी, मध्यम, कष्टाची. हे माप कोणाच्या पायांनी घेतले, ते मात्र कोठेही लिहिलेले नसते. चाळिशीतल्या माणसाची ‘मध्यम’ सहल सत्तरीतल्या एखाद्याला कष्टाची ठरते, आणि त्याच वयाच्या दुसऱ्याला ती सहज झेपते.

मुलगी व जावई आम्हां दोघांना सिॲटलहून अलास्काच्या सफरीला नेणार असे ठरले, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात आला. ह्यांचे वय तेव्हा ७४, माझे ६९. ह्यांच्या अँजिओप्लास्टीला दोन वर्षे झाली होती आणि डावा गुडघा कुरकुरत असे. जूनो बंदरावरून हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून दोन तास बर्फावर चालण्याची सहल ह्यांच्या मनात भरली. “मी आठवड्यातून चार दिवस पर्वती चढतो,” एवढाच ह्यांचा युक्तिवाद. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही आपले बसमधूनच पाहा.” मला दोन्ही बोलणी पटली नाहीत. एकात हौस होती, दुसऱ्यात धास्ती. माप कशातच नव्हते.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. त्या रुंद, दगडी आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या. दम लागला की बाजूला थांबावे, कंटाळा आला की माघारी वळावे. हिमनदीवर बुटांना लोखंडी काटे बांधून चालावे लागते. बर्फ उंचसखल असतो. पाऊल दर वेळी सपाट टेकवावे लागते, आणि घोटा व गुडघा अखंड तोल सावरत राहतात. छातीला कदाचित पर्वतीइतकेच श्रम पडतील, पण सांध्यांना आणि तोलाला पडणारे श्रम अगदी निराळे. शिवाय तिथून मध्येच परत फिरता येत नाही. हेलिकॉप्टर ठरल्या वेळी येणार, तोवर तुकडीबरोबर राहायचे. म्हणून कोणत्याही साहसी सहलीविषयी मी पहिल्यांदा हेच विचारते: अर्ध्यावर थकवा आला, तर परतीची वाट आहे का? किती मैल चालायचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

आम्ही घरीच मोजायला बसलो. हात छातीशी घडी घालून, खुर्चीतून ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा बसता येते, ही साधी चाचणी आहे. अमेरिकेतील सीडीसी या संस्थेच्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या पुरुषांसाठी १२ आणि ६५ ते ६९ वयाच्या स्त्रियांसाठी ११ हा आकडा दिला आहे. त्याहून कमी उठाबशा झाल्या, तर पडण्याचा धोका अधिक समजतात. माझ्या १४ झाल्या. ह्यांचा आकडा मी मुद्दाम मोजला नाही, ह्यांनाच मोजायला सांगितले. “अकरा,” हे म्हणाले आणि घड्याळाकडे पाहत राहिले. मग आधाराला भिंत जवळ ठेवून एका पायावर उभे राहणे झाले. डाव्या पायावर दहा सेकंद काही पुरे होईनात.

जिन्याची परीक्षा मात्र हे छान उतरले. दोन मजले न थांबता चढून वर गप्पाही मारल्या. चढताना सलग वाक्य बोलता येणे ही चांगली खूण आहे, आणि ह्यांच्यासारख्या बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी ती नाडीहून भरवशाची. त्या औषधाने नाडीची गती दबून राहते, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून ‘सारे ठीक आहे’ असे मानता येत नाही. हृदयविकारतज्ज्ञांकडे जाताना आम्ही सहलीचे वर्णन छापून नेले. ‘अलास्काला जाऊ का?’ या प्रश्नाला कोणता डॉक्टर नेमके उत्तर देणार? छापील कागद वाचून त्यांनी नेमके विचारले: थंडी किती, ओझे किती, पडल्यास मदत किती वेळात? थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि हृदयाला तेच काम अधिक जड जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना बर्फावर पडणे म्हणजे नुसता मुका मार नव्हे, हेही त्यांनी सांगितले. सपाटीवर चालायला त्यांची हरकत नव्हती. जिभेखाली ठेवायची गोळी आतल्या खिशात ठेवा, म्हणाले.

हिमनदी रद्द झाली. दोन दिवस घरात फारसे बोलणे नव्हते. मी समजूत घालायला गेले नाही. आकडा ह्यांचा ह्यांनीच मोजलेला होता.

जूनोला आम्ही मेंडेनहॉल हिमनदीसमोरच्या नगेट धबधब्यापर्यंत चालत गेलो. जाऊन-येऊन सुमारे दोन मैल, वाट जवळजवळ सपाट, आणि हव्या त्या जागेवरून परत वळता येणारी. भुरभुर पाऊस होताच. जूनोत तो पाचवीलाच पुजलेला. ह्यांनी लघवीची गोळी डॉक्टरांना विचारून त्या दिवशी परतल्यावर घेतली. वाटेत प्रसाधनगृह नसते, ही बाब कोणत्याच माहितीपत्रकात ठळक छापलेली मला दिसली नाही.

दुपारी हे जहाजावर विश्रांतीला गेले आणि मी जावयांबरोबर मेंडेनहॉल नदीवर रबरी तराफ्यातून गेले. ह्यांना सोडून जावे की नाही, यावर मी रात्रभर विचार केला होता. “तुझ्या चौदा झाल्यात ना, मग जा,” असे हेच म्हणाले. वल्ही वाटाड्या मारतो. आपण दोर घट्ट धरायचा, थंड पाण्याचे सपकारे सोसायचे आणि शेवटी खोलगट तराफ्यातून उठून बाहेर पडायचे. ते उठणे हीच खरी परीक्षा, आणि तिची तालीम मी खुर्चीवर केलेली होती.

स्कॅगवेला सर्वांनी व्हाइट पासची आगगाडी घेतली. सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही वाट बंदरापासून २० मैलांत ८७३ मीटर उंची गाठते, आणि प्रवासी जागेवरून हलतही नाही. हे खिडकीशी बसून होते. “ही म्हाताऱ्यांची गाडी,” असे आधी म्हणाले होते. दरी दिसू लागल्यावर मात्र डब्याबाहेरच्या सज्जात जाऊन उभे राहिले. मी पाहिले, कठडा दोन्ही हातांनी धरलेला होता.

पुण्याला परतल्यापासून फिजिओथेरपिस्टने सांगितलेली खुर्चीची उठबस ह्यांनी रोजची केली आहे. आता १३ होतात. हिमनदीचा विषय निघाला, की मी डाव्या पायावरचे सेकंद मोजायला सांगते. परवा ते आठ भरले.