हार्मोनचं इंजेक्शन आणि हट्टी कोपर

तुमच्या घरात किंवा शेजारी एखादे काका, मामा, दादा असे नक्की असतील, ज्यांचा कोपर नाहीतर टाच वर्षभर दुखतेय. बाम लावून झाला, पट्टा बांधून झाला, गोळ्या झाल्या, ‘वय झालं आता’ असं म्हणूनही झालं. दुखणं काही जात नाही. त्यातून ते टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेत असतील, तर ती गोष्ट तुमच्यापर्यंत आलेलीच नसेल. आपल्याकडे डायबेटिसची गोळी माणूस जेवायच्या टेबलावर सगळ्यांदेखत घेतो, थायरॉइडची घेतो. या एका हार्मोनचं नाव मात्र घरातही दार लावून घेतलं जातं. मला कोपरही आहे आणि इंजेक्शनही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

मी मूळचा मिरजेचा, वय ५१. गेली सतरा वर्षं बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये आहे. २०२१ साली माझ्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ निघाली. साधी गाठ, कॅन्सर नव्हे. नाकातून ऑपरेशन करून काढली. मेंदूच्या खाली मटारच्या दाण्याएवढी ही ग्रंथी असते, पण शरीरातल्या बऱ्याच ग्रंथींना हुकूम तिथून सुटतात. माझ्या बाबतीत बाकीचे हुकूम वाचले, टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारा तेवढा गेला. कारखाना ठणठणीत, पण टपालच बंद, अशी अवस्था.

त्याचा परिणाम काय होतो हे लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं असतं. हसण्यावारी न्यायचा विषय सोडा. मी संध्याकाळी सात वाजता सोफ्यावर बसल्या बसल्या झोपायचो. हिमोग्लोबिन उतरलं. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालायची. हाडांची तपासणी केली तर ती विरळ झालेली. सकाळच्या वेळी दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त घेतलं. अमेरिकी डॉक्टर साधारण ३०० ही खालची रेघ धरतात, माझे आकडे दोन्ही वेळा तिच्या निम्म्याच्या आसपास आले. मग इंजेक्शन सुरू झालं. टेस्टोस्टेरॉन अनडेकानोएट, १००० मिलिग्रॅम, दर बारा आठवड्यांनी, कमरेखाली, अगदी सावकाश. हे औषध एरंडेल तेलात विरघळवलेलं असतं. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, मग लहानपणी मी एरंडेल द्यायचे तेव्हा पळून का जायचास?”

पाच-सहा महिन्यांत माणसात आलो. डॉक्टरांनीच व्यायाम करायला सांगितला होता, हाडांसाठी. घराजवळच्या जिममध्ये जाऊ लागलो, वजनं बेताबेताने वाढवली. दंड भरले, हिमोग्लोबिन वर आलं. आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये उजवा कोपर बाहेरच्या बाजूने दुखायला लागला.

टेनिस एल्बो. हा होणारे बहुतेक लोक टेनिस खेळत नाहीत, हे नाव ठेवणाऱ्याला कोणीतरी कळवायला हवं होतं. टॉवेल पिळताना कळ यायची. सांडशीने चहाचं पातेलं उचलताना कळ यायची. २०२४च्या मार्चमध्ये बेंगळुरूत पाण्याची टंचाई झाली, ती तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. आमच्याकडे टँकरची वाट बघणं, बादल्या भरून ठेवणं, पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे कॅन उचलणं हे रोजचं झालं. वीस लिटर म्हणजे वीस किलो. त्याच सुमारास डावी टाचही मागून धरली. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली वीस पावलं लंगडत. होपफार्म चन्नसंद्रच्या मेट्रो स्टेशनचा जिना उतरताना मी कठडा धरायला लागलो.

घरात सरळ वाद झाला. बायको म्हणाली, “अहो, ते इंजेक्शन सुरू झाल्यावरच हे सगळं सुरू झालं. बंद करा ते.” तिचं म्हणणं वेडगळ नव्हतं, वेळ तर जुळत होती. जिममधल्या एका प्रशिक्षकाचं म्हणणं बरोबर उलटं, “सर, तुमचा डोस कमी पडतोय. सांध्यांसाठी वेगळं इंजेक्शन असतं, मी मागवून देतो.” एक म्हणे बंद करा, दुसरा म्हणे वाढवा. मध्ये माझा कोपर.

डॉक्टरांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. त्यांनी जे समजावलं ते इथे सांगतो, कारण मला ते आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

स्नायूला हाडाशी बांधणारी जी जाड दोरी असते ती टेंडन. शाळेच्या पुस्तकात तिला स्नायुरज्जू म्हटलंय. स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर. हार्मोन मिळालं, व्यायाम मिळाला की तीन-चार महिन्यांत त्याची ताकद वाढलेली दिसते. दोरीला रक्त फार थोडं, तिचं काम बैलगाडीच्या चालीने चालतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली याचा एक विलक्षण पुरावा दिला. १९५० आणि ६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला एक प्रकारचा कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात शिरला. संशोधकांनी मोठ्या माणसांच्या टाचेच्या दोरीत तो मोजला. दोरीचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार झालेला निघाला, पुढे तो जवळपास बदललेलाच नव्हता. म्हणजे माझ्या टाचेत जे आहे ते बरंचसं मिरजेत शाळेत जाताना सायकल मारून कमावलेलं आहे.

आता बघा, माझ्या बाबतीत हार्मोनने स्नायू काही महिन्यांत जागे झाले. एरवी माणूस अशी ताकद दोन-तीन वर्षांत कमावतो. इंजिन मोठं झालं, दोरखंड जुनाच राहिला. इंजेक्शनने दोरी कापली असं नाही आणि जास्त इंजेक्शनने ती जाड होणार असंही नाही. अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नोंदींत खांद्याच्या टेंडनच्या तक्रारी टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्यांत जास्त दिसल्या आहेत, आणि ते घेणाऱ्यांतही. दोन्हीकडून. पाच हजारांवर पुरुषांवर टेस्टोस्टेरॉनची जी मोठी अमेरिकी चाचणी झाली, तिच्यात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र खोटं जेल लावणाऱ्यांपेक्षा थोडं जास्त निघालं. हार्मोन घेतलं की सगळंच पोलादी होतं, हा समज सोडून द्यावा.

डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूही तपासल्या. साखर, कारण डायबेटिसमध्ये टेंडन लवकर बिघडतात. थायरॉइड, कोलेस्टेरॉल. मग विचारलं, “मधल्या काळात कुठलं अँटिबायोटिक घेतलंत?” मी फाईल काढली. आधीच्या पावसाळ्यात दुसऱ्याच एका दवाखान्यात तापासाठी लेव्होफ्लॉक्सासिन दिलं होतं. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातली औषधं टेंडनला त्रास देऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे जुलाब झाले की ‘सिप्रो’ द्या म्हणून दुकानात सर्रास मागतात. माझ्या दुखण्यात त्या पाच गोळ्यांचा वाटा किती, ते मोजता येत नाही. पण ज्यांचं टेंडन आधीच कुरकुरतंय त्यांनी डॉक्टरांना हे आपणहून सांगावं. औषधं गरजेची असतात, पर्याय असेल तर डॉक्टर तो देतात.

कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ का, असं मी विचारलं. ते घेतल्यावर पहिले काही आठवडे स्वर्ग असतो. टेनिस एल्बोच्या रुग्णांना वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांत दुखणं परत येण्याचं प्रमाण मात्र जास्त निघालंय. नको म्हटलं.

याच सुमारास मुलाने एक प्रश्न विचारला. तो सेकंड पीयूसीला, म्हणजे आपल्या बारावीला. त्याचे मित्र जिममध्ये जातात. फ्रीजवर माझ्या पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहिलेली असते, ती दाखवून म्हणाला, “बाबा, तुम्ही स्टेरॉइड घेता?”

त्या संध्याकाळी आम्ही दोघं इनर सर्कलला फिरायला गेलो. व्हाइटफील्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येत असतील, पण १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेल्या मूळ गावाचं हे वर्तुळ अजून आहे, झाडांखालून चालता येतं. माझी टाच जेमतेम एक फेरी सोसायची. मी त्याला गाठीपासून सगळं सांगितलं. हो, रसायन तेच आहे, पण विहीर आटली म्हणून घागरभर पाणी आणणं वेगळं आणि भरल्या घरात पूर आणणं वेगळं. शरीर कमावण्यासाठी गरजेच्या कित्येक पट डोस घेणाऱ्यांचा अमेरिकेत अभ्यास झालाय. त्यांतल्या साधारण दर पाचांतल्या एकाचं कधी ना कधी टेंडन तुटलेलं होतं. शिवाय बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, शुक्राणूही बंद होतात, विशीतल्या मुलाला हे परवडणारं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मित्रांना सांगू का?” मी म्हटलं, सांग. त्या दिवसापासून आमच्या घरात हे इंजेक्शन उघड झालं. आईच्या बीपीच्या गोळीसारखंच.

इलाज काय झाला? सांगायला अगदी साधा आणि करायला कंटाळवाणा. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी एक गैरसमज काढला. अशा जुन्या दुखण्यात सूज फार नसते, दोरीतले धागे विस्कटलेले असतात. नुसत्या विश्रांतीने ते सरळ होत नाहीत. त्यांना हळूहळू, जड भार द्यावा लागतो. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी १९९८ साली हे टाचेवर दाखवलं. पंधरा हौशी खेळाडू, बारा आठवडे, दिवसातून दोनदा, पायरीवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची. पंधराही जण पुन्हा पळू लागले.

माझ्या कोपरासाठी पहिले दोन आठवडे फक्त वजन धरून ठेवणं, ४५ सेकंद, पाच वेळा. मग हात टेबलावर, तळवा खाली, एक किलोचं डंबेल दुसऱ्या हाताने वर न्यायचं आणि दुखऱ्या हाताने चार आकडे मोजत खाली आणायचं. पंधरा वेळा, असे तीन फेरे. टाचेसाठी बिल्डिंगच्या जिन्याची पायरी. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नको, हा नियम. जिन्यात मला रोज पाहून खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटायचं की मी लिफ्टची वाट बघतोय.

बारा आठवड्यांत फरक पडला, पण पुरता नाही. मला सात महिने लागले. मधे दोनदा दुखणं उसळलं, तेव्हा वजन अर्धं केलं, व्यायाम बंद केला नाही. सचिन आठवा. २००४च्या ऑगस्टमध्ये टेनिस एल्बोने त्याला बाहेर बसवलं, मे २००५मध्ये लंडनला ऑपरेशन झालं आणि २५ ऑक्टोबर २००५ला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध तो ९३ धावा करून परतला. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना सव्वा वर्ष. आपल्याला सात महिने लागले तर कुरकुर कसली!

इंजेक्शनचं म्हणाल तर ते चालूच आहे. पातळी मधल्या पट्ट्यात राहील असं अंतर डॉक्टर ठरवतात. रक्त फार घट्ट होत नाही ना ते बघतात, हिमॅटोक्रिट ५४च्या वर गेलं तर थांबायचं असतं. प्रोस्टेटची तपासणीही होते. तुमच्या घरी कोणी इंजेक्शनऐवजी जेल लावत असेल तर लावलेली जागा कपड्याने झाकलेली हवी, हात धुतलेले हवेत. लहान मुलांना आणि बायकांना ते लागता कामा नये. आणि टाचेत किंवा दंडात ‘टक्’ असा आवाज येऊन अचानक जोर गेला, तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते दुखणं वेगळं.

सध्या माझं डंबेल चार किलोंवर आहे. पातेलं सांडशीने उचलतो, टॉवेल पिळतो. पाण्याचा कॅन मात्र मी आणि मुलगा दोघं मिळून उचलतो. तो म्हणतो, “बाबा, सोडा, मी एकटा नेतो.” मी सोडत नाही.